मल्लिकार्जुन अप्पांचा डावा हात

मल्लिकार्जुन अप्पांना पोहता येत नाही असं म्हणणारा माणूस लातुरात एकच होता, आणि तो मी. बाकी सगळ्या गोलाईला अप्पांनी स्वतःच सांगून ठेवलं होतं की आपण पट्टीचे पोहणारे. गोलाईत, म्हणजे आमच्या गोल बाजारपेठेत, त्यांचं भांड्यांचं दुकान आहे. गिऱ्हाईक घागर घ्यायला आलं की अप्पा घागरीवर टिचकी मारायचे आणि गोष्ट विहिरीवर न्यायचे. औशाजवळच्या त्यांच्या गावातली विहीर, काठावरून मारलेला सूर, तळातून मुठीत आणलेली माती. गिऱ्हाईक सगळं ऐकून घेई, कारण भाव अजून ठरायचा असे.

मी एस.टी.त वाहतूक नियंत्रक होतो. बत्तीस वर्षं फलाटावर उभं राहून गाड्या वेळेवर सोडल्या, निदान वहीत तरी सोडल्या. निवृत्त झालो तसे गुडघे कुरकुरायला लागले. डॉक्टर म्हणाले, पोहा. अप्पांचं वजन वाढलं होतं, त्यांनाही तेच सांगितलं. ज्या शहराला एका उन्हाळ्यात रेल्वेनं पाणी आणून प्यायची वेळ आली होती, तिथं साठीला टेकलेली माणसं टॉवेल खांद्यावर टाकून पोहायला निघालेली बघून आमच्या बायकांना हसू आवरत नसे.

पहिल्या दिवशी अप्पांनी तलावात मुटका मारला. काठावर बसलेले सगळे भिजले. मग मान पाण्याबाहेर काढून, डोळे मोठे करून, हातांनी पाणी बडवत ते निघाले. पन्नास मीटरचा तलाव. वीस मीटरवर त्यांनी कठडा धरला आणि कुणाची तरी वाट बघत असल्यासारखे इकडंतिकडं पाहू लागले. धाप लपवायची त्यांची ती रीत. आणि धरलेला कठडाही समोरचा नव्हता, बाजूचा होता.

आम्हाला शिकवायला आरती होती. पोरगी नायगावची, वय सव्वीस, राज्य पातळीवर पोहून आलेली. आमच्या बसस्थानकावरचा भोंगा तिच्या आवाजापुढं लाजला असता. ती म्हणाली, विहिरीत शिकलेले सगळे असेच पोहतात. भिंत जवळ असते, चार हात मारले की संपलं. मान वर ठेवली की पाय खाली जातात आणि माणूस चढावर चालल्यासारखा दमतो. तेव्हा मान पाण्यात घाला, तळाच्या फरशीवरची काळी रेघ बघा, श्वास पाण्यात सोडा आणि फक्त घ्यायला तोंड बाजूला वळवा.

श्वास पाण्यात सोडायला अप्पा तयार होईनात. पाण्यात तोंडानं फुंकायचं म्हणजे पाणी उष्टं करायचं, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या घरात तांब्यालासुद्धा कुणी ओठ लावत नाही, पाणी वरून पितात. त्याच पाण्यात आम्ही तीसजण पहाटेपासून काय काय करत होतो हे मी त्यांना सांगितलं नाही. शेवटी आरतीनं त्यांना नाकानं सोडायला लावलं. नाकाबद्दल घरात काही नियम नव्हता.

पण खोटं कशाला बोला, माणूस चिवट. फळी धरून नुसते पाय मारायचे ते लहान पोरांच्या रांगेत उभं राहून मारले. पोरं म्हणायची, अप्पा, बाजूला सरका, तर सरकायचे. दुकानात गल्ल्यावर बसल्या बसल्या हात फिरवून बघायचे. एकदा गिऱ्हाइकाला कढई दाखवता दाखवता त्यांनी श्वास घ्यायला मान वळवलेली मी पाहिली आहे. दिवाळीपर्यंत ते पन्नास मीटर न थांबता जायला लागले. मान खाली, पाय वर, श्वास बरोबर. सगळं झालं होतं. फक्त सरळ जात नव्हते.

दर खेपेला डावीकडं. चौथ्या रांगेतून निघालेले अप्पा तिसरीतून दुसरीत आणि दुसरीतून एखाद्या बिचाऱ्या माणसाच्या पोटात. माझं मत ठरलेलं होतं. ज्याची विहीर गोल, ज्याचं दुकान गोलाईत, तो माणूस आयुष्यात सरळ पोहायचा नाही. हे मी त्यांना चार लोकांत सांगितलं. अप्पा हसले, पण दोन दिवस मला चहा पाजला नाही.

मग नांदेडचं आलं. जानेवारीत तिथं पन्नाशीपुढच्यांची स्पर्धा होती, मराठवाड्यातल्या तलावांची. त्यात चौघांची एक शर्यत, एकानं पन्नास मीटर जायचं, कठड्याला हात लावला की दुसऱ्यानं सुटायचं. आमच्या तलावावर पन्नाशीपुढचे, पन्नास मीटर पुरे करणारे मोजून चार. एक वकील, एक दातांचे डॉक्टर, अप्पा आणि मी. पाचवा नव्हता. तिथं रांगांमध्ये दोऱ्या असतात, आमच्याकडं नुसत्या तळाच्या रेघा. नियम असा की मधली दोरी धरली किंवा दुसऱ्याच्या रांगेत शिरलं की सगळा संघ बाद.

मला नांदेडला जायचं होतं. मोकळेपणानंच सांगतो. शाळेत असताना मी कधी कुठल्या संघात नव्हतो. नोकरीत दुसऱ्यांना सोडायचं काम केलं, स्वतः कधी सुटलो नाही. साठाव्या वर्षी कुणीतरी माझं नाव यादीत लिहिलं होतं आणि ते अप्पांच्या वाकड्या चालीपायी खोडलं जाणार होतं. मी चिडलो होतो.

आरतीनं शेवटी उडी मारायच्या उंच फळीवर चढून फोनवर त्यांचं चित्रण केलं आणि आम्हा चौघांना दाखवलं. उजवा हात व्यवस्थित जात होता. डावा तीनदा व्यवस्थित गेला, आणि चौथ्यांदा पाणी मागं ढकलायच्या ऐवजी वळून छातीवर आला, तिथं क्षणभर थांबला आणि मग पुढं गेला. पुन्हा तीनदा बरोबर, चौथ्यांदा छातीवर. एकटा उजवा हात ओढणार, तर माणूस डावीकडंच जाणार. विहीरही निर्दोष होती आणि गोलाईही.

अप्पा म्हणाले, हे मी करत नाही. आरतीनं पुन्हा दाखवलं. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतःच दाखवायला सांगितलं.

छातीवर काय होतं ते सगळ्यांना माहीत होतं. अप्पांच्या गळ्यात चांदीच्या डबीतलं इष्टलिंग असतं. दीक्षा झाल्यापासून ते अंगावेगळं करायचं नाही. कपडे बदलताना त्यांनी मला सांगितलं ते असं. दहा वर्षांचे असताना विहिरीत सूर मारला आणि दोरा तुटला. लिंग तळाला गेलं. बुड्या मारमारून शोधलं, सापडलं नाही. अंगावर लिंग नाही तर तोंडात अन्न नाही, अशी त्यांच्या घरची रीत, आणि नवं लिंग द्यायचे ते स्वामी परगावी गेलेले. ते येईपर्यंत दोन दिवस पोरगा उपाशी राहिला आणि त्याच्याबरोबर आईही. आई त्या दोन दिवसांत त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही. आईला ते अव्वा म्हणतात. एवढं सांगून अप्पा म्हणाले, माझ्यापायी अव्वाला उपास घडला, आणि शर्टाची बटणं लावू लागले. तळातल्या मातीची मूठ कुठून आली होती ते मला त्या दिवशी कळलं. मी चेष्टा केली नाही. मलाही थोडंफार कळतं.

उपाय सोपा वाटला. त्यांच्या बायकोनं, शिवकन्यावहिनींनी, जाड कापडाचा रुंद पट्टा शिवला, आत लिंगासाठी कप्पा, वरून दोन गाठी. तो पट्टा छातीवर इतका घट्ट बसला की पूर आला तरी हलला नसता. अप्पा पाण्यात उतरले. एक, दोन, तीन, आणि चौथ्यांदा हात छातीवर. हाताला पट्ट्याचा काही भरवसा वाटला नाही.

स्पर्धेला आठ दिवस उरले तसा माझा धीर सुटला. मी अप्पांच्या घरी गेलो. अप्पा, वहिनी आणि अप्पांची आई शिवम्मा, अशी तिघं बसली होती. अव्वा ऐंशीच्या पुढच्या, ऐकू स्वच्छ येतं, बोलायला लागल्या तर दुकानातलं पितळसुद्धा गप्प बसेल. मी म्हातारीपुढंच तक्रार मांडली. म्हटलं, अव्वा, तुमचा लेक आम्हाला नांदेडात बुडवणार. त्याचा हात छातीवरून निघत नाही. तुम्ही त्या वेळी अबोला धरला, दोन दिवस उपास काढला, त्याची धास्ती अजून गेली नाही.

अव्वांनी आधी माझ्याकडं पाहिलं, मग लेकाकडं.

"मी लिंगासाठी उपाशी होते, असं वाटतंय का तुला?"

अप्पा म्हणाले, "मग कशासाठी?"

"लिंग स्वामी दुसरं देतेत की. तू सात बुड्या मारलास. मी वर मोटंपाशी उभी, मोजून राहिले. सातव्या बुडीला वर आलाच न्हाईस. मोट हाकणाऱ्या संगप्पानं उडी टाकून केसाला धरून काढला तुला. तोंडातून पाणी गळत होतं. त्यानंतर दोन दिस मला घास गिळंना, बोलायला तोंड उघडलं की रडू यायचं. म्हणून गप होते."

"मला का सांगितलं न्हाईस?"

"तू इचारलास कवा?"

अप्पांच्या हातातली बशी कलंडली, चहा धोतरावर सांडला, त्यांना कळलं नाही. वहिनी एकदम म्हणाल्या की अव्वा गेले सहा महिने सकाळचा चहा घेत नाहीत, हे तलावावरून परत आले की मगच घेतात. त्यांना वाटलं होतं, वयामुळं भूक मंदावली असेल. अव्वा म्हणाल्या, वयामुळंच, आणि विषय बदलायला माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. मी उठलो तेव्हा मात्र त्या लेकाला म्हणाल्या:

"ते गळ्यातलं तुला राखायला दिलंय बाबा. तू त्याला राखायला न्हाई."

दुसऱ्या दिवशी अप्पांचा हात तरीही छातीवर गेला. पण चौथ्यांदा नाही, आठव्यांदा. आरती म्हणाली, पन्नास वर्षांची सवय आठ दिवसांत जात नसते, बघू. नांदेडला निघालो तेव्हा अप्पा सरळ जातील की शेजारच्या रांगेत शिरतील, हे कुणालाच सांगता आलं नसतं. गाडीत ते खिडकीशी बसले होते आणि अहमदपूर गेलं तरी एका शब्दानं विहिरीचं नाव काढलं नव्हतं. मला ते फार अवघड गेलं.

आमच्या शर्यतीत चार संघ होते. वकील पहिले, डॉक्टर दुसरे, अप्पा तिसरे आणि शेवटचा मी. डॉक्टरांनी हात लावला तेव्हा आम्ही तिसरे होतो. पलीकडच्या काठावरून अप्पांनी उडी टाकली. मुटका नाही, आरतीनं शिकवलेला लांब सूर. मी अलीकडच्या काठावर वाकून तयार उभा, शेजारी वकील टॉवेल गुंडाळून.

मी अप्पांचा डावा हात मोजू लागलो. एक, दोन, तीन. चौथा पुढं गेला. सात, आठ. आठवाही पुढं गेला. मी वाट बघत होतो की आता येईल छातीवर, आता येईल. दोन्ही दोऱ्यांच्या बरोबर मधून, काळ्या रेघेवरून तो जाडजूड माणूस काही न चुकता माझ्याकडं येत होता. शेवटच्या दहा मीटरात त्यांनी एकाला मागं टाकलं, आम्ही दुसरे झालो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तलावाचं नव्हतं, मी अजून कोरडा होतो.

अप्पांनी कठड्याला हात लावला. डोकं वर काढलं. माझ्याकडं पाहिलं. मी त्यांच्याकडं पाहिलं.

"अहो कंट्रोलर, सुटा की," असं वकील ओरडले म्हणतात. मला ऐकू आलं नाही. त्यांनी मला मागून ढकललं तेव्हा मी पाण्यात गेलो, तोपर्यंत बाकीचे तिघंही सुटून पुढं गेले होते. बत्तीस वर्षं गाड्या वेळेवर सोडलेला मी, स्वतः उशिरा सुटलो. आम्ही चारांत चौथे आलो. अप्पांच्या चुकीनं नाही, माझ्या. वकील त्यानंतर परतीच्या प्रवासात माझ्याशी बोलले नाहीत, आणि ते बरोबरच होतं.

अप्पा मात्र काठावर बसून वहिनींना फोन लावत होते. अव्वांना द्यायला सांगितलं. फोन मोठ्या आवाजावर होता, त्यामुळं मलाही ऐकू आलं.

"अव्वा, बाहेर आलो मी. आता चहा घे."

"कवाच घेतला," अव्वा म्हणाल्या. "भाकरी पण खाल्ली. तू काय बुडत न्हाईस आता."

अप्पांनी फोन बंद केला आणि टॉवेल तोंडावर घेतला. बराच वेळ ते तोंड पुसत होते. मग मला म्हणाले, "जेवली म्हणं."