नानकटाईतला सोडा

खायचा सोडा मी शाळेत हयातभर शिकवला. लिंबू पिळलं की तो फसफसतो, त्यातून वायू सुटतो, त्यानेच ढोकळा फुगतो आणि नानकटाई खुसखुशीत होते. जास्त पडला तर भाजताना मागे धुण्याचा सोडा उरतो आणि तोंडात साबण येतो. हे सगळं मला पाठ. नानकटाई मात्र मी जन्मात केली नव्हती.

ते काम धाकट्या जावेचं. दिवाळीच्या तोंडावर ती मैदा, तूप, पिठीसाखर घेऊन वडगाव रासाईहून शिरूरला बेकरीच्या भट्टीवर जायची आणि संध्याकाळी डबे भरून आणायची. मी शाळेतून येऊन चहाबरोबर खायची, वर नावंही ठेवायची. शेताच्या वाटणीच्या वेळी मी चार माणसांत बोलून गेले, ‘हिला काय कळतंय!’ जीभ माझी तिखटच. ती सणसवाडीला मुलाकडे राहायला गेली आणि आमचं बोलणं तुटलं. माझे यजमान गेले तेव्हा आली, घटकाभर बसली, गेली.

यंदा घर खायला उठलं. ठरवलं, नानकटाई करून तिच्या दारात जायचं आणि चुकलं म्हणायचं. सोडा किती, ते तिलाच विचारता आलं असतं. पण सोडा शिकवणाऱ्या बाईने सोडा विचारायचा? मी माझ्या अंदाजाने मैद्यात घातला, दोनदा चाळला आणि पिशवी घेऊन भट्टीवर गेले. बायका जोडीजोडीने आलेल्या, हसणं-खिदळणं चाललेलं. मी आपली बाहेर बाकड्यावर बसून राहिले. आत मळणाऱ्याने काय घातलं, काय नाही, पाहिलंही नाही.

घरी येऊन डबा उघडला. चपट्या, काळपट, एकमेकींना चिकटलेल्या. एक तोंडात टाकली आणि थुंकली. स्वतःचाच संताप आला, मग रडू आलं. हे घेऊन कुठल्या तोंडाने जाणार? शेवटी तिलाच फोन लावला.

‘नानकटाईला सोडा किती घालतेस गं?’

‘घरनंच घातला व्हय? आवो ताई, सोडा भट्टीवालाच घालतो. मळतानी. सगळ्यांच्यात.’

‘मला काय माहीत!’

‘कसं असंल? तुम्ही कवा आलाच न्हाईत.’ आवाजात राग नव्हता. ‘दिवसभर बसावं लागतं तितं. बाकीच्या जावाजावा यायच्या. मला वाटायचं, एखाद्या साली म्हणाल, चल, मी येते.’

‘उद्या जाऊ,’ मी घाईने म्हटलं. ‘मी शिरूरला स्टँडवर थांबते तुझ्यासाठी.’

‘माझ्या झाल्या की परवाच,’ ती म्हणाली. ‘सून आलती संगं.’