कंपनीनं दिली तशी

'बसवून देतो' हे दोन शब्द ऐकले की युवराजच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. का होऊ नये? तीन वर्षांचा असताना पोलिओनं त्याचा डावा पाय लुळा केला, आणि तेव्हापासून जो भेटेल तो त्याला काहीतरी बसवूनच देत आला. आधी मांडीपासून टाचेपर्यंत लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर. मग एका बुटाला जाड तळ. कॉलेजात गेला तर स्कूटरला मागं दोन जादा चाकं. न्हाणीघरात भिंतीला दांडा, दुकानात गल्ल्यामागं खास उंच खुर्ची. देणाऱ्यांचा हेतू चांगला होता, नाही कोण म्हणतो? पण चांगल्या हेतूनं माणूस माणसाला किती छळू शकतो, हे ज्याच्यावर कधी ती वेळ आली नाही त्याला सांगून कळत नाही.

त्याचे वडील एकनाथराव देगलूरकडची शेती भावांवर सोपवून हैदराबादला आले, ते या पायाच्या इलाजासाठी. पायात काही फरक पडला नाही, पण नारायणगुड्यात शाळेच्या गणवेशांचं दुकान मात्र उभं राहिलं. वडील गेले आणि दुकान युवराज आणि त्याचा थोरला भाऊ हिम्मतराव यांच्याकडे आलं. नल्लकुंट्याच्या घराचा वरचा मजला हिम्मतरावांकडे गेला, कारण युवराजला जिना कशाला! युवराजला गच्चीवर झोपायला फार आवडायचं. पण त्याला विचारावं असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

अशा माणसानं चाळिशी उलटल्यावर फोर-बाय-फोर घेतली. चारही चाकांना इंजिनाचा जोर लागणारी, दगडधोंड्यांत घालायची गाडी. ऑटोमॅटिक घेतली, म्हणजे क्लच नाही, म्हणजे डाव्या पायाला काही कामच नाही. परवान्याची परीक्षा त्यानं रीतसर दिली होती. शोरूमच्या पोरानं जाड पुस्तक उघडून विचारलं, "सर, काय काय बसवायचं?" युवराजनं पुस्तक मिटून त्याच्या हातात दिलं.

"काहीच नक्को. कंपनीनं दिली तशी."

गाडीत बसला की तो चारचौघांसारखा दिसायचा. सिग्नलला शेजारच्या गाडीतला माणूस वळून बघायचा, तर त्याला दिसायचा एक भरदार मिशांचा, रुंद खांद्यांचा गृहस्थ. पाय दाराच्या आत. ते सुख युवराज रोज दुकानात जाता-येता चवीनं भोगत होता, आणि पुढे जे झालं त्याचं मूळ त्याच सुखात होतं.

रविवारी रिंग रोडच्या बाहेर गाड्या घेऊन जाणारा एक गट होता. गटाचा म्होरक्या हेमंत मूळचा पुण्याचा, इथं आयटीत मोठ्या हुद्द्यावर. त्याची गाडी बघायला मान वर करावी लागायची. उंच केलेली, टायर कमरेएवढे, पुढे दोर ओढायचं यंत्र. त्यानं युवराजची गाडी भोवतीनं फिरून पाहिली आणि नाक न मुरडता, अगदी मनापासून म्हणाला, "गाडी छान आहे, युवराज सर. फक्त थोडी उंच करून घ्या, मोठे टायर बसवा. माझ्या ओळखीचा माणूस आहे, व्यवस्थित बसवून देईल."

झालं! "हेमंत," युवराज म्हणाला, "माझ्या पायाला लहानपणी लोखंड बसवलं होतं. तेवढं बास. गाडीला एक खिळा पण लागणार नाही."

हेमंतनं तो विषय सोडला, पण शिकवायला त्यानं कधी नाही म्हटलं नाही. पुढचे काही रविवार युवराज शिकत राहिला. टायरमधली हवा कमी करायची, म्हणजे रबर दगडाला धरतं. फोर-लो हा जादा जोराचा गिअर टाकायचा, म्हणजे गाडी मुंगीच्या चालीनं पण ताकदीनं चढते. अंगठे स्टिअरिंगच्या आत अडकवायचे नाहीत, चाकाला दगड लागला तर स्टिअरिंग फटकन फिरतं. सगळं तो भराभर उचलत होता. एकच गोष्ट तो दरवेळी कानामागं टाकायचा. अवघड जागा आली की हेमंत ओरडायचा, "आधी उतरा, चालत जाऊन बघून या, मग गाडी घाला." सगळे उतरायचे. युवराज काच खाली करून म्हणायचा, "दिसतंय मला इथून."

घरी हिम्मतरावांना या सगळ्याचा पत्ता लागला तेव्हा जेवणाची ताटं समोर होती. ते भडकले नाहीत. भडकले असते तर परवडलं असतं. ते मायेनं बोलले.

"युवराजा, तिकडं रानात गाडी अडकली तर तू काय करशील रे? आपण ही विकून टाकू. एक साधी, बसायला सोपी गाडी घेऊन देतो मी तुला."

युवराजनं घास खाली ठेवला. "दादा, येत्या रविवारी एका बंद खाणीत गटाची पूर्ण फेरी आहे. तू पण चल. माझी गाडी कुणी दोरी लावून ओढली, तर सोमवारी विकतो. तूच गिऱ्हाईक बघ. पण नाही लावली, तर हा विषय या घरात पुन्हा निघणार नाही."

त्रिवेणीनं, म्हणजे युवराजच्या बायकोनं, दोघांच्या ताटात भात वाढला आणि एवढंच म्हणाली, "मी पण येते."

शंकरपल्लीच्या पुढची ती बंद पडलेली खडीची खाण. लाल मुरूम, मधूनच हत्तीएवढे काळे दगड. हिम्मतराव हेमंतच्या गाडीत बसले, त्रिवेणी युवराजच्या शेजारी. पहिला चढ युवराजनं असा घेतला की मागच्या गाडीतल्यांनी हॉर्न वाजवून दाद दिली. मग एक ओढ्याचं कोरडं पात्र आलं. पलीकडचा काठ उभा, आणि त्यावर आधीच्या गाड्यांच्या चाकांच्या दोन खोल चाऱ्या पडलेल्या. सगळे उतरले, पात्रात चालत गेले, वाकून बघून आले. हेमंतची गाडी आधी वर चढून गेली.

त्रिवेणी म्हणाली, "सगळे उतरले. तुम्ही का नाही उतरायलाव?"

"दिसतंय की इथून. सगळ्यांच्या चाकाचा रस्ताच पडलाय."

त्यानं फोर-लो टाकला आणि गाडी बरोबर त्या चाऱ्यांत घातली.

आता त्या चाऱ्या पडल्या होत्या उंच गाड्यांच्या, कमरेएवढ्या टायरांच्या. त्यांच्यामधला मातीचा उंचवटा त्या गाड्यांच्या पोटाखालून सहज जायचा. युवराजची गाडी कंपनीनं दिली तेवढीच उंच. काठाच्या निम्म्यावर गाडीचं पोट त्या उंचवट्यावर टेकलं, कर्र आवाज झाला, आणि चाकं जागच्या जागी फिरायला लागली. त्यानं गाडी पुढे-मागे करून पाहिली. नुसती धूळ उडाली. दोन पावलं चालत जाऊन बघितलं असतं तर शेंबड्या पोरालाही हे कळलं असतं, आणि हे युवराजलाही कळत होतं. त्याला स्वतःचा इतका संताप आला की कानशिलं तापली.

वरून हेमंत दोर घेऊन येत होता. त्याच्या मागं हिम्मतराव, चेहऱ्यावर काळजी आणि, खोटं कशाला बोला, थोडी सुटकाही. "असू दे, असू दे," ते म्हणत होते, "ओढून घेऊ, काय होत नाही."

"उतरा," त्रिवेणी म्हणाली.

"सगळे बघायलेत."

"बघू द्या की! गाडी जाऊ द्यायची का लोकांनी बघितलं म्हणून? मी तर लग्नापासून बघते. मला काय झालं?"

युवराजनं दार उघडलं. "हेमंत! दोर तिथंच ठेवा. कुणी हात लावायचा नाही."

आणि तो उतरला. त्याचं चालणं गटानं तोवर नीट पाहिलंच नव्हतं. डाव्या पायावर भार टाकताना डावा हात मांडीवर दाबायचा, गुडघा मागं रेटायचा, मग उजवा पाय टाकायचा. दर पावलाला सगळं अंग एका बाजूला कलायचं. मुरुमाच्या उतारावर तिसऱ्या-चौथ्या पावलाला त्याचा बूट सरकला आणि तो सपशेल आडवा झाला. हिम्मतराव धावले.

"दादा, बाजूला!" युवराज असा कडाडला की ते जागीच थबकले. "पडलोय मी, मेलो नाही."

तो उठला. शर्ट लाल झाला होता, तळहात सोलपटला होता. आणि गंमत अशी, की ज्याची इतकी वर्षं धास्ती घेतली होती ते होऊन गेलं होतं. सगळ्यांनी त्याला चालताना पाहिलं, पडताना पाहिलं. आता लपवायचं काय उरलं? छाती एकदम मोकळी झाली. तो गाडीला वळसा घालून तिच्या पोटाखाली वाकून बघू लागला.

मग त्यानं मागून कंपनीनं दिलेला साधा जॅक काढला. चपटा दगड शोधला, त्यावर जॅक ठेवला आणि जमिनीवर बैठक मारली. बैठकीच्या कामात त्याचा हात कुणी धरू शकला नसता, कमरेच्या वरचं अंग पैलवानाचं होतं. एक चाक उचललं की त्याच्याखाली दगड भरायचे, चाक खाली सोडायचं, मग दुसरं. हिम्मतराव बराच वेळ उभे होते. मग दोन दगड हातात घेऊन जवळ आले आणि अवघडून म्हणाले, "देऊ का?"

युवराजनं मान वर करून पाहिलं. उभ्या जन्मात दादानं त्याला पहिल्यांदा विचारलं होतं. "दे," तो म्हणाला. "चपटे दे. गोल नक्को."

चारही चाकांखाली दगड आले, पोट सुटलं, आणि युवराजनं आत बसून गाडी हळूहळू मागं घेत पात्रात उभी केली. दोर लागला नव्हता. पण काठ अजून समोरच होता.

युवराज पुन्हा उतरला आणि या वेळी काठाकाठानं चालू लागला. धड दोन पायांचा माणूस चालताना जमिनीकडे बघत नाही, त्याला गरजच नसते. युवराजचा मात्र सगळा जन्म पुढच्या पावलाची जमीन बघण्यात गेला होता. कुठं मुरूम सुटा आहे, कुठला दगड डुगडुगेल, कुठं पाय घट्ट बसेल, हे त्याला पाऊल टाकायच्या आधी कळायचं. चाऱ्यांपासून थोडं डावीकडे, एका मोठ्या दगडाला लागून, काठ बसका होता आणि खाली कातळ होता. तिथं कुणाच्याच चाकाची खूण नव्हती, कारण उंच गाड्यांना ती वाट शोधायची गरज पडली नव्हती. युवराजनं तिथं टाच आपटून पाहिली, आणखी एकदा आपटली.

हेमंत खाली आला आणि ती वाट निरखून म्हणाला, "दगड उजवीकडे फार जवळ आहे, सर. घासेल."

"घासू दे. रंग गेला तर जाईल."

"मग मी दगडापाशी उभा राहून हातानं सांगतो, चालेल?"

"चालेल. सांगा."

तो गाडीत बसला. त्रिवेणीनं पट्टा आवळला. फोर-लो, पाय अगदी हलका. पुढचं डावं चाक कातळावर चढलं, गाडी कलली, आकाश दिसलं. उजवं दार दगडाला घासत गेलं आणि तो आवाज ऐकून हिम्मतरावांनी डोळे मिटून घेतले. हेमंतचा हात 'या, या' करत राहिला. मागची चाकं क्षणभर घसरली. युवराजनं पाय दाबला नाही, काढलाही नाही. रबरानं कातळ धरला, आणि गाडी वर येऊन सपाटीवर उभी राहिली.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. युवराजनं काच खाली केली. "टाळ्या कशाला? मघाशी हेमंत चढला तेव्हा कुणी वाजवल्या का?"

टाळ्या थांबल्या. एक-दोघं ओशाळले. हेमंत मात्र खदखदून हसला. "बरोबर आहे. चला, पुढं दगडांचा उतार आहे. इथल्यापेक्षा वाईट."

हिम्मतराव त्या घासलेल्या दारावरून हात फिरवत होते. गिऱ्हाइकाची गोष्ट त्यांनी काढली नाही. उतार आला, गाड्या एकामागं एक थांबल्या. हेमंत 'उतरा' म्हणून ओरडायच्या आत युवराजचं दार उघडलं होतं. मांडीवर हात दाबत तो सगळ्यांच्या पुढे उतारावर निघाला. मागून हिम्मतराव, हेमंत, बाकीची मंडळी. कुणाचा तरी बूट खडीवरून सरकला, कुणीतरी शेजारच्याचा दंड पकडला.

"घाई करू नका," युवराज मागं न बघता म्हणाला. "जमीन बघत या."