फेब्रुवारीपर्यंतच्या खुणा

दिवाळी झाली आणि आठवड्याभरात आई न्हाणीत पडली. खुब्याचं हाड मोडलं. ती दौंडला ताईजवळ राहायची. ताई माझी थोरली बहीण. तिनं लग्न केलं नाही. रेल्वेतले वडील गेल्यापासून घर तिनंच सांभाळलं. तिनं मला फोन केला, "दोन आठवडे येऊन राहा. मला एकटीला उचलवत न्हाई तिला."

मी सणसवाडीत एका कंपनीत पॅकिंगला आहे. म्हणाले, "सुट्टी मिळत न्हाई गं. ठेकेदार कामावरून काढील." दोन रविवारी तेवढं जाऊन बसून आले. महिन्याभरात आई गेली.

मातीच्या दिवशी ताई दारातच म्हणाली, "आता मिळाली व्हय सुट्टी?" त्यानंतर माझ्याशी एक शब्दही बोलली नाही.

चार दिवसांनी चर्चचे पाळकसाहेब प्रार्थनेला आले. येताना त्यांनी नव्या वर्षाचे वाचनाचे दोन तक्ते आणले होते, एक ताईला, एक मला. रोज किती अध्याय वाचायचे ते त्यावर छापलेलं, आणि वाचून झालं की खूण करायला बारीक चौकोन. वर्षभरात सगळं पवित्र शास्त्र वाचून होतं. आमच्यातला अबोला त्यांच्या ध्यानात आला असावा. जाताना म्हणाले, "दोघी कुठंही असा, रोज सारखेच अध्याय वाचाल."

मी फारशी भक्तीतली नव्हे. शास्त्र कपाटात कपड्यांखाली असायचं. पण एक जानेवारीला कंपनीच्या बसच्या आधी मी ते काढलं. नवरा सेकंड शिफ्ट करून आलेला, झोपलेला. ओट्याजवळ पाटावर बसले आणि वाचायला लागले. पहिल्याच पानावर वाटलं, ताई आत्ता हेच वाचत असणार. मग रोज तसंच वाटायचं. नुसती नावंच नावं येणारे अध्याय आले की वाटायचं, ताईसुद्धा कंटाळली असेल. लेवीय पुस्तकातले अर्पणांचे नियम संपता संपत नव्हते, तेव्हा म्हटलं, आपण दोघी एकाच चिखलातून चाललोय. मे महिन्यात मला ताप आला, चार दिवस वाचन राहिलं. बरी झाल्यावर एका बैठकीत चार दिवसांचं वाचून काढलं. देवासाठी नाही. ताई पुढं जाईल म्हणून.

ऑगस्टात तक्ता निम्म्याच्या वर भरला. एवढं बरोबर चालून आलो, आता बोलायला हरकत नाही, असं मनानं घेतलं. एका रविवारी शिक्रापूरहून चौफुल्याची गाडी धरली, तिथून दौंड.

ताईनं दार उघडलं. अंगानं निम्मी झाली होती. "ये," एवढंच म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली. आईची खाट भिंतीला उभी करून ठेवलेली. आरशाशेजारी तक्ता लटकत होता. मी आनंदानं जवळ गेले. जानेवारी पूर्ण भरलेला. फेब्रुवारीत नऊ तारखेपर्यंत खुणा. पुढं सगळे चौकोन कोरे.

ताई चहा घेऊन आली.

"तू वाचत न्हाईस?" मी विचारलं.

"सोडलं. आईला दिसत नव्हतं, म्हणून तिला मोठ्यानं वाचून दाखवायची सवय. एकटीनं वाचायला बसले की माझाच आवाज मला नको व्हायचा."

मी ज्या सोबतीवर सात महिने सकाळी उठत होते, ती नव्हतीच. मला रडू आलं. आणि त्या भरात, कुणालाच न सांगितलेलं मी बोलून गेले.

"ताई, मी सुट्टी मागितलीच नव्हती. ठेकेदाराला विचारलंसुद्धा न्हाई. आईचं ते सगळं, चादरी बदलायच्या, तिचं ओरडणं... मला भ्या वाटलं."

ताईनं कप खाली ठेवला. "माहीत हाय. आईलाबी माहीत होतं."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, तिला बोलवू नको परत."

हे आईनं रागानं म्हटलं की मायेनं, ते मी विचारलं नाही. धीर झाला नाही. निघताना म्हणाले, "मी सकाळी फोनवर वाचत जाऊ का? तू नुसतं ऐक."

"वाच. पण मला काय विचारू नको."

दुसऱ्या दिवसापासून मी फोन स्पीकरवर ठेवून वाचायला लागले. पलीकडून कधी भांड्यांचा आवाज यायचा, कधी कुकरची शिट्टी. मी आमेन म्हटलं की ताई फोन ठेवायची. असे दीड-दोन महिने गेले. एकदा घाईत मी आदल्या दिवसाचेच अध्याय पुन्हा वाचले, सगळेच्या सगळे. ताई काहीच बोलली नाही. लहानपणी माझा एक काना चुकला तरी ती थांबवायची. तेव्हा कळलं, फोन नुसता ओट्यावर पडलेला असतो.

तरी मी वाचत राहिले. ऑक्टोबरच्या शेवटी एका सकाळी तीच आधी बोलली. "आज राहू दे." आवाजात राग नव्हता. दुसऱ्या दिवशी तिनं फोन उचलला नाही. नंतरही नाही.

नाताळाला गेले. ताईनं पाहुण्याला विचारावं तसं नवऱ्याचं, कंपनीचं विचारलं. भक्तीची वेळ झाली तेव्हा म्हणाली, "तू जाऊन ये. माझे पाय दुखतात." चर्चमध्ये आमच्या नेहमीच्या बाकावर मी एकटी बसले. पाळकसाहेबांनी लांबूनच पाहिलं. परत आले तर माझं ताट झाकून ठेवलेलं होतं आणि ताई आतल्या खोलीत दार लोटून झोपली होती. मी आवाज न करता जेवले, ताट घासून ठेवलं आणि चौफुल्याच्या गाडीची वेळ बघितली.