भाऊजींची दावण

खुंट्यांचा इतका हावरा माणूस यवतमाळ जिल्ह्यात दुसरा झाला नाही. हे आमचे फुलसावंगीचे भाऊजी, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांच्याकडे तळहाताएवढा एक इलेक्ट्रॉनिक बोर्ड होता. वायरी जोडायच्या त्याच्या पिनांना भाऊजी खुंटे म्हणत. खुंटे डझनभर आणि गल्लीत घरं बावीस, हे त्यांचं जन्माचं दुःख. लग्नाच्या पंगतीत बसले तरी पानं मोजून हळहळत, "एवढे खुंटे असते ना साळेबुवा, अख्खा तालुका बांधला असता!"

बांधायची होती कापसाची आग. त्या वर्षांत भाव पडलेले, म्हणून कापूस घराघरात कोंबलेला; कापूस खोलीत, माणसं ओसरीत. मी एकदा कापसाच्या गंजीवर झोपलो तो असा रुतलो, की सकाळी चहाला मला काठीने शोधावं लागलं. पण ओलसर गंजी आतून तापते, धुमसते आणि कळेपर्यंत उशीर होतो. म्हणून भाऊजींनी प्रत्येक गंजीत तापलं की आपोआप जुळून इशारा देणारं एक बटण खुपसलं आणि त्याची वायर आपल्या पुढच्या खोलीतल्या बोर्डापर्यंत ओढली. बायका त्या वायरींवर लुगडी वाळत घालत, तो भाग वेगळा.

खुंटे पुरेनात तेव्हा त्यांनी यवतमाळहून दोन चिपा आणल्या. चिप बोर्डाच्या दोनच खुंट्यांना जोडायची, बदल्यात ती सोळा नवे खुंटे देते. भाऊजी नाचलेच. "दोन खुंट्यांवर सोळा बैलं! हे तं दावण झाली ना बाप्पा!" दुसरी चिपही त्याच दोन खुंट्यांवर चालते; फक्त दोघींची नावं वेगळी हवीत, म्हणजे बोर्डाने हाक मारली की जिची तिने ओ द्यावी. हे नाव चिपेचे तीन पाय कुठे बांधले, यावरून ठरतं. पण भाऊजींनी जन्मभर पोळ्याला बैलजोडी सजवलेली. एकाला लाल गोंडा, तर दुसऱ्यालाही लालच. त्यांनी दोन्ही चिपांचे पाय हुबेहूब सारखे बांधले. "जोडी कशी सारखी दिसाले पाह्यजे!"

एका दुपारी बोर्डाला जोडलेला भोंगा वाजला. बोर्डाच्या छोट्या पडद्यावर नाव आलं पार्बताकाकूंचं. समोरच्या घरात एकट्या राहणारी ही म्हातारी. पहिल्या दावणीचा, म्हणजे पहिल्या चिपेचा, तिसरा खुंटा तिचा. भाऊजी बादली घेऊन धावले, मागे गल्ली. कापूस ओढून रस्त्यावर ढीग घातला.

"काहून रे बाबू, माहा कापूस मातीत घालून राह्यला?" काकू ओरडली. "हात लावून पाह्य, थंडगार हाय!"

तेवढ्यात ताईची हाक आली, "अहो, धूर आपल्या मागच्या खोलीतून निघून राह्यला!"

दुसऱ्या दावणीचा तिसरा खुंटा भाऊजींच्या स्वतःच्या घराचा होता. दोन्ही दावणींचं नाव एक, त्यामुळे त्यांच्या घराची हाक काकूच्या नावाने आली होती. घर वाचलं. वर्षाचा कापूस गेला.

संध्याकाळपर्यंत भाऊजी रस्त्यावर बसून काकूच्या कापसातला काडीकचरा वेचत होते. मान वर न करता एवढंच म्हणाले, "दोघायले एकच नाव ठेवलं मी."

मग त्यांनी एका चिपेचा एक पाय सोडवून दुसरीकडे जोडला. पण त्यांच्या स्वतःच्या घराचा खुंटा आता रिकामा होता; त्याला बांधायला कापूसच उरला नव्हता. मी म्हटलं, "भाऊजी, हा दुसऱ्या गल्लीले देऊन टाका." दोन दिवसांनी काकू डोक्यावर पाटी घेऊन दारात आली. "रिकामा खुंटा बरा दिसत नाही बाबू. बांध हे."

काळवंडलेल्या त्या मागच्या खोलीत मधोमध पाटीभर कापूस ठेवला, आणि भाऊजींनी त्यात बटण अलगद खुपसलं. त्या वर्षी बोर्ड बावीस घरांना हाका मारत होता. भाऊजी मात्र त्या एकाच खुंट्याची ओ ऐकायला बोर्डापुढे बसून असत.