तारांवरचा तळहात

बोर्ली पंचतनला मैत्रिणीच्या हळदीत बेंजो पार्टीतला गिटारवाला मला वेगळा वाटला. तळहाताची कड तारांवर टेकवून तो प्रत्येक स्वर उमटताच दाबत होता. त्यामुळे कोळीगीतातही घणाचे घाव ऐकू येत. हे हेवी मेटल रॉक संगीताचे तंत्र. गाणे थांबताच मी त्याला तसे म्हणाले. मुंबईत त्याचा तसलाच बँड होता, असे त्याने सांगितले. बँड मोडल्यावर तो गावी परतला होता.

"तिकडं मोजकीच मानसं यायची ताई, पन ऐकायची. इथं आख्खा गाव नाचतो, ऐकत कोन न्हाय."

"मी ऐकलं," असे म्हणणार, तोच नवरीची मावशी ओरडली, "ए गिटारवाल्या, तारा कशाला दाबतोस? मोकळं वाजव ना!"

तो हसला आणि पुढच्या गाण्याला त्याने तळहात तारांवरून उचलला. गाणे मोकळे झाले, अंगण नाचू लागले, आणि त्यातला तो मात्र ऐकू येईनासा झाला.