बोटातली ओढ

पत्नी गेल्यावर विळीवर बसायची वेळ माझ्यावर आली. लाल भोपळा कापताना हात घसरला आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाची कंडरा, म्हणजे बोट वाकवणारी दोरी, तुटली. अंबरनाथला ती शिवून घेतली. पुढे पट्टी निघाली, पण बोट वाकेना. सही, कुलूप, शर्टाची बटणं, सगळं त्या एका बोटापाशी अडायचं. म्हणून बदलापूरहून विठ्ठलवाडीला व्यायामासाठी जाऊ लागलो.

तिथल्या फिजिओथेरपिस्ट बाई माझ्या मुलीच्या वयाच्या. एकदा म्हणाल्या, “काका, बोटाने मौनव्रत धरलंय का? हलवा की! ओढ लागली नाही तर कंडरा टिकत नाही. पोटातल्या बाळाचंही तसंच असतं.”

“पोटात कसली ओढ?”

त्यांनी समजावून सांगितलं. गर्भाच्या पंजात बोटांच्या कंडरा आपल्या आपण आकार धरू लागतात, स्नायूंची वाट बघत नाहीत. पण पुढे स्नायू येऊन जोडले गेले नाहीत, त्यांनी ओढलं नाही, तर त्या वाढत नाहीत, विरून जातात.

“हे कितव्या आठवड्यात?”

“साधारण सातव्या-आठव्या.”

“कुठून मोजून? डॉक्टर दोन आठवडे जास्त धरतात.”

“अहो, हिशेबनीस होता का तुम्ही? गर्भ राहिल्यापासून, पाळीपासून नव्हे.”

माझ्या मुलीला डॉक्टरांनी दहावा आठवडा सांगितला होता. ती नागपूरला. दोन वजा केले. म्हणजे आत्ताच.

“घरी कोणीतरी बोट वाकवून द्यायचं,” बाई सांगत होत्या, “मग सोडायचं. तुम्ही ते तसंच धरून ठेवायचं. आहे ना कोणी?”

“डावा हात आहे,” मी म्हटलं.

 त्यांनी पुढचं बोट किती वाकतं ते मोजायला घेतलं.

संध्याकाळी मुलीचा व्हिडिओ कॉल आला. “बाबा, मूठ दाखवा.”

दाखवली. बाकीची बोटं मिटली, मधलं ताठ.

“तुमच्यासारखंच हट्टी आहे,” ती म्हणाली. मळमळत होतं म्हणून पडते म्हणाली आणि फोन ठेवला. बाळाच्या हाताचं सांगायचं राहून गेलं.

मी डाव्या हाताने बोट वाकवलं आणि सोडलं. ते परत उघडलं, पण त्याआधी क्षणभर थांबलं. कोपराच्या खाली, आत, काहीतरी ओढलं गेलं होतं. भास नव्हता, पुन्हा करून पाहिलं, पुन्हा तेच.

सांगायला फोन हातात घेतला. ती पडली असेल. ठेवून दिला आणि बोट परत वाकवलं.