माझ्या डाव्या हाताला बसलेली सोजर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्यांच्याबरोबर इतकी वर्षं एकाच मैदानावर शिट्टी फुंकली त्या मास्तरांनाही नाही. आज तुम्हाला सांगायला बसलोय, आणि बसल्यापासून दोनदा उठून पाणी पिऊन आलो. तहान नव्हती.

मी सेलूच्या एका शाळेत क्रीडा शिक्षक होतो. मुलींचा बास्केटबॉलचा संघ माझ्याकडं होता. मैदानाच्या मागं कापसाची जिनिंग मिल. हंगामात भर दुपारी रुईचे पुंजके हवेतून तरंगत यायचे आणि कड्याच्या जाळीत अडकून बसायचे. संघातल्या पाच पोरी ठरलेल्या असायच्या, सगळ्या दहावीतल्या. धाकट्या पोरी वर्षभर घाम गाळायच्या आणि सामन्याच्या दिवशी बाटल्या सांभाळत बाकावर बसायच्या. पालकांनी विचारलं की माझं उत्तर तयार असायचं — कच्च्या आहेत अजून. खरं सांगू? मला हरायची भीती वाटायची. पण ही काही कबुली नव्हे. एवढ्यासाठी कुणी लिहायला बसत नाही.

सोजर नववीत आली. हे नाव तिच्या आजीचं. बाप मेंढ्या घेऊन वर्षातले आठ महिने रानोमाळ फिरायचा, म्हणून पोरीला शिकायला मावशीकडं ठेवलेलं. उंच, हडकुळी, बोलणं कमी. सरावात ती पळताना दिसायचीच नाही. पण चेंडू जिथं पडायचा तिथं ती आधीच उभी असायची. मी एकदा विचारलं, कसं कळतं गं तुला? ती म्हणाली, "मेंढरू पळायच्या आदी खांदा सांगतंय की, सर."

असेल. बापाच्या कळपामागं वाढलेल्या पोरीला असं कळत असेल. मी स्वतःला तेव्हाही हेच समजावलं होतं.

पहिल्या सामन्याला ती माझ्या डाव्या हाताला बसली. बाकीच्या पोरी ओरडत होत्या, ही गप्प. आणि मग हळूच, मला एकट्यालाच ऐकू येईल एवढ्या आवाजात — "आता ती उजवीकडून येनार." आली. "ही टाकनार न्हाई, मागं देनार." दिलं. मी तिच्याकडं पाहिलं, तर ओठ हलल्यासारखे वाटले नाहीत. नजर मैदानावर, हात मांडीवर, शांत. तिसऱ्या की चौथ्या वेळी ती म्हणाली, "सर, सात नंबरची पडनार." समोरच्या संघातली सात नंबरची पोरगी तेव्हा आरामात उभी होती, केस बांधत होती. थोड्या वेळानं ती उडी मारून खाली आली ती मनगटावरच. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. सोजर म्हणाली, "लय लागलं तिला," आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

मी घाबरलो का? हो. पण त्या दिवशी आम्ही जिंकलो होतो — आणि भीतीपेक्षा ती चव जास्त दिवस टिकली.

पुढची दोन वर्षं मी तिला डाव्या हाताला बसवली. ती पुटपुटायची, मी उठून ओरडायचो. ती म्हणायची तिकडं मी पोरी वळवायचो, ती म्हणायची तेव्हा टाइम-आउट मागायचो. तालुक्यात माझं नाव झालं. सरांना खेळ आधी दिसतो, असं लोक म्हणायला लागले. मी ते ऐकून घ्यायचो. हसायचोही. आणि ती? ती दर सामन्याआधी बुटांच्या नाड्या दोनदा आवळायची, आणि सामना संपला की सोडायची. दोन वर्षांत एक मिनिटही खेळली नाही. एकदा विचारलं तिनं, "सर, आज दोन मिनिटं तरी?" मी म्हणालो, कच्ची आहेस अजून.

ती कच्ची नव्हती. माझ्या पाची पोरी मिळून तिच्या एकटीच्या पासंगाला पुरल्या नसत्या. पण ती मैदानात उतरली तर माझ्याशेजारी कोण बसणार?

इथपर्यंत सलग लिहीत आलो. आता परत उठून पाणी पिऊन आलो.

ती दहावीत होती. विभागाच्या निवडीसाठी पोरी बघायला बाहेरगावचे एक सर आले होते. मी त्या सकाळी उशिरा पोचलो आणि पाहतो तर सराव सुरू, सोजर खेळतेय, आणि ते सर जाळीला धरून उभे. मला म्हणाले, ही कोण? कालच्या सामन्यात कशी नव्हती? हिला माझ्याबरोबर पाठवा, राहायची-शिकायची सोय होईल, पोरगी फार पुढं जाईल. त्यांच्या हातात वही होती, नाव लिहायला पेन उघडलेलं. आणि मी — मला विचार करायलासुद्धा वेळ लागला नाही, याचंच आजही नवल वाटतं — मी म्हणालो, तिला चक्कर येते. उभ्या उभ्या. डोळे पांढरे होतात, हात ताठ होतात, आणि नंतर तिला काहीच आठवत नाही. म्हणून मी तिला उतरवत नाही.

"अरेरे," ते म्हणाले आणि त्यांनी पेनचं टोपण लावलं.

मला वाटलं, संपलं. पण जाता जाता त्या भल्या माणसानं आमच्या मुख्याध्यापक बाईंना सांगितलं, या मुलीला चांगल्या डॉक्टरला दाखवा. बाईंनी मला विचारलं, मी मान डोलावली. बाईंनी मावशीला बोलावून घेतलं. मावशी रडली. आणि चौथ्या दिवशी, मधल्या सुट्टीत, सोजर माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता ही जाब विचारणार. मी तयार होतो, म्हणजे निदान तेव्हा तसं वाटत होतं. तिनं जाब विचारला असता तर मी मोडलो असतो का? माहीत नाही.

तिनं जाब विचारला नाही. घाबरल्या आवाजात म्हणाली, "सर, मला चक्कर येती म्हनं. कवा आली हो? मला आठवंना."

मी टेबलावरची शिट्टी उचलून खिशात ठेवली.

"तुमी बगितलं असल," ती म्हणाली. "तुमी म्हनलं म्हंजे आलीच असल. पन मला काहीच कसं ठावं न्हाई?"

तुम्ही माझ्या जागी असता तर — नको. तुमचा काय संबंध. तिथं मी होतो. बाहेर पोरी ओरडत होत्या, वर पंखा फिरत होता, आणि एक पंधरा-सोळा वर्षांची पोरगी स्वतःच्या आठवणीपेक्षा माझ्यावर विश्वास ठेवून माझ्या तोंडाकडं बघत होती. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "हो. दोनदा आली. मी पाहिलंय."

हीच ती गोष्ट. आजवर माझ्या पोटात होती.

त्यानंतरची सोजर मी पाहिली आहे, बाकी कुणी एवढ्या जवळून पाहिली नसेल. ती वर्गात एकदम दचकून शेजारणीला विचारायची, "मी आत्ता हितंच होते ना गं?" जिना उतरताना कठडा दोन्ही हातांनी धरायची. डॉक्टरांनी तपासलं, काही सापडलं नाही म्हणाले. मावशीनं त्याचा अर्थ असा घेतला की हे डॉक्टरांच्या हाताबाहेरचं आहे. एकदा तिची वही तपासायला माझ्याकडं आली. मागच्या पानांवर रेघाच रेघा. दर तासाला एक रेघ ओढत होती ती, मधला एखादा तास आपल्या नकळत निघून गेला नाही ना, हे बघायला. पानंच्या पानं भरलेली. मी वही मिटली आणि वर सही केली.

त्या वर्षीचा शेवटचा सामना. ती माझ्या डाव्या हाताला. आम्ही मागं पडत होतो. मी खाली वाकून म्हणालो, सांग. ती बोलेना. मी पुन्हा म्हणालो, सोजर, सांग ना. "काही दिसंना सर," ती म्हणाली. "मी त्या चकरंकडंच ध्यान देऊन बसले. येती का, येती का, बगायलेय." एवढं होऊनही मला राग आला तो हरण्याचा. मी म्हणालो, मग ऊठ, उतर मैदानात.

दोन वर्षांनी मी तिला मिनिटं दिली ती अशी.

ती आत गेली आणि मधोमध उभी राहिली. मी बाकाकडं पाहिलं. सगळ्या पोरी तिच्याकडं बघत होत्या, चेंडूकडं कुणीच नाही. बाई बघत होत्या. मावशी हात जोडून बघत होती. सगळे वाट बघत होते — ती पडायची. आणि मी? मीही तेच बघत होतो. मी रचलेली गोष्ट, तरी मी श्वास रोखून बघत होतो. चेंडू तिच्याकडं आला, तिच्या दंडाला लागून घरंगळत गेला. तिनं हात उचलला नाही. कशाचा तरी कानोसा घेतल्यासारखी मान वाकडी करून उभी होती. मग हळूच, कुणाचा धक्का नाही, काही नाही, ती खाली बसली. दोन्ही तळवे जमिनीवर टेकले, डोळे मिटले. तिच्याभोवती खेळ थोडा वेळ तसाच चालू राहिला.

"सरांचं खरं होतं," माझ्यामागून कुणीतरी म्हणालं.

परीक्षेनंतर तिनं शिक्षण सोडलं. लग्न झाल्याचं कानावर आलं. मी पुढं परभणीला बदलून आलो. नवीन शाळेत संघ घेतला नाही. गुडघ्याचं कारण सांगितलं.

मागच्या वर्षी येलदरीचं धरण भरलं म्हणून आम्ही नवराबायको पाणी बघायला निघालो होतो. झरीला गाडी पंक्चर झाली. टायर काढेपर्यंत रस्त्याकडेच्या घराच्या सावलीत उभा राहिलो, तर आतून एक बाई डोक्यावर पदर घेत बाहेर आली आणि माझ्या पाया पडली. सोजर. बोट धरून सहा-सात वर्षांची पोरगी. ती बोट सोडतच नव्हती.

सासूनं चहा केला. सोजर म्हणाली, "चुलीपशी मला जाऊ देत न्हाईत. हिरीवर न्हाई, रानातबी एकटीला न्हाई. ही असती संगं." मग माझ्या बायकोकडं वळून, अगदी मनापासून म्हणाली, "सरांनी येळेवर सांगितलं म्हनून वाचले बगा. न्हाईतर कवाच कुटंतरी पडून मेले असते."

बायकोनं कौतुकानं माझ्याकडं पाहिलं. मी चहा संपवला. गोड होता.

निघताना सोजर बायकोला कुंकू लावायला आत घेऊन गेली. तिची पोरगी मात्र माझ्यासमोर येऊन उभी राहिली. आईसारखीच नजर, माझ्या तोंडावर खिळलेली. म्हणाली, "आमच्या घरात आईला चक्कर आलेली कुनीच बगितली न्हाई. तुमी बगितलीय ना? कशी येती? मला वळखाया पायजे."

आतून बांगड्यांचा आवाज येत होता. अंगणात आम्ही दोघंच होतो.

मी सांगितलं. डोळे पांढरे होतात, म्हणालो. हात ताठ होतात. नंतर तिला काही आठवत नाही.

पोरीनं सगळं नीट ऐकून घेतलं. मग ती आत पळाली आणि तिनं आईचं बोट धरलं.